अक्रोडाचं देवक

माणसं समुद्र ओलांडून कशाकशाला येतात. कुणी धरण बांधायला, कुणी थंड हवा खायला, कुणी आपला देव आमच्या गळ्यात बांधायला. पण नुसतं आपलं आडनाव मोजत आलेला माणूस मी जन्मात एकच बघितला. त्याच्यामुळं माझ्या नातीचं लग्न झालं. त्याबद्दल त्याला शिव्या द्यायच्या की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. बहुतेक वेळा देतेच.

तुंगार्लीत आम्हा केदाऱ्यांची तेवीस घरं. कुसगावला चौदा, वळवणला अकरा. आडनाव सांगितलं की सोमाटण्यापर्यंत कुठल्याही ओसरीवर घोंगडी अंथरली जाते. आमचे मालक गेल्यापासून घरात शब्द चालतो तो माझा. थोरला मुलगा भिमाजी शेतीचं बघतो, आणि बघून झालं की मला येऊन विचारतो.

या भिमाजीची थोरली रतन. ती सोळा वर्षांची झाली त्या साली आम्ही विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. गावातलं पहिलं. ते सारखं बंद पडायचं, आणि दुरुस्तीला लोणावळ्याच्या रेल्वे शेडातला फिटर यायचा, हौशीराम. महिन्यात चार वेळा आला. पाचव्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा मी स्वतः जाऊन आत हात घातला. चिंधी निघाली. चिंधी रतनच्या जुन्या परकराची.

"ही आत कशी गेली ग?"

"मी घातली," रतन म्हणाली. "बंद पडल्याबिगर तो येतो व्हय?"

सोळा वर्षांची पोर, आणि नजर खाली नाही. वळण माझंच, म्हणून एकीच्या जागी दोन थोबाडीत दिल्या.

आता हा हौशीराम कोण, ते सांगते. पंचवीस वर्षांमागं धरणाचं काम निघालं तेव्हा एक गोरा साहेब तुंगार्लीच्या बंगल्यात राहायला आला. इंग्रज नव्हे, स्विस मुलखाचा. नाव नुसहाल्दर. त्याच्या स्वयंपाकाला कुसगावची सरूबाई राहिली, आमच्याच जातीतली, विशीच्या आत विधवा झालेली. वर्षभरात साहेबानं तिच्याशी पाद्र्यापुढं लग्न लावलं. तिनं धर्म सोडला नाही, कपाळावर पुन्हा कुंकू लावलं आणि उजळ माथ्यानं पाणवठ्यावर आली. बायका घागरी उचलून बाजूला झाल्या. पहिली घागर मी उचलली होती. पुढं पोर सहा महिन्यांचं असताना साहेब तापानं गेला. तिचं कुंकू दुसऱ्यांदा गेलं. तरी घागरी परत खाली आल्या नाहीत. तोंडावर आम्ही तिला सरूबाई म्हणायचो. पाठीमागं काय म्हणायचो ते सांगायचं कारण नाही, गावात सगळ्यांना पाठ आहे.

तिचा हा पोरगा. डोळे मांजरासारखे, बाकी बोलणं, चालणं, तंबाखू मळणं, सगळं आमच्यासारखं.

चिंधी सापडल्यावर आठ दिवसांनी तो मागणी घालायला आला. आमच्यात मुलाकडून पाच जाणती माणसं येतात. हा एकटा आला, धुतलेला सदरा घालून, आणि अंगणात उभा राहिला. ओसरीवर मी, भिमाजी आणि माझे दीर रखमाजी. रखमाजी म्हणजे गावातलं मोठं पान. कुणाचं कुठलं मूळगाव, कुणाचं कुणाशी जुळतं, कुणाचं तुटतं, सगळं त्यांच्या जिभेवर.

"काय आडनाव लावतोस रं?" रखमाजींनी विचारलं.

"शेडातल्या बाबूनं तुंगार्लीकर लावलंय, आबा."

"अरं वा! मंग ह्या हिशोबानं माजी म्हसबी तुंगार्लीकरच की!"

गडी हसले, भिमाजी हसला. मीही हसले. पोरगा हसला नाही, गेलाही नाही.

मी म्हणाले, "हे बग बाबा. आमच्यात लेक देतात ती माणसाला न्हाई, कुळाला देतात. तीन गोष्टी आण. एक, तुजं मूळगाव. दोन, तुज्या कुळाचं देवक. तीन, तुज्या नावाची भावकी, निदान पाच घरांची. ह्या तीन आणल्यास तर रतन तुला दिली. ह्यो धोंडाबाईचा शब्द. रखमाजी भावजी साक्षीला हायेत."

आता देवक म्हणजे काय ते आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. प्रत्येक कुळाचं एक झाड, वेल नाहीतर पानं ठरलेली. लग्नात त्याची डहाळी वाजत आणून मांडवाच्या मेढीला बांधायची, मग लग्न. एरवी ते झाड त्या कुळानं तोडायचं नाही, त्याचं फळ खायचं नाही. देवक एक निघालं की दोन्ही कुळं भाऊ, तिथं सोयरीक नाही. आणि देवकच नसलं तर मांडवच नाही. मी अंगणाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली विहिरीत टाकली होती. निदान मला तसं वाटलं.

रतननं त्या दिवशी जेवायचं ताट परत पाठवलं. "भूक लागंल तवा जेवंल," मी म्हणाले. ती जेवली, पण बोलायची बंद झाली. सोमाटण्याचं चांगलं बारा बैलांचं घर बघायला आलं, तर ही पाहुण्यांसमोर बसली आणि नाव विचारलं तरी तोंड उघडेना. पाहुणे मुकी समजून निघून गेले. माझ्या घरातली पोर मुकी म्हणून सोमाटण्यात चर्चा!

माघात तो दुसरा नुसहाल्दर आला.

आधी कळलं ते कादर टांगेवाल्याकडून. कादर लोणावळा स्टेशनावर टांगा लावतो, त्याचा बाप बद्रुद्दीन आमच्या मालकांना टांग्यातून न्यायचा, म्हणून तो आमच्या घरी मोकळा येतो. त्याचं इंग्रजी टांग्यापुरतं. डावीकडं, उजवीकडं, घोडा दमला. पण लोणावळ्यात तेवढ्यावर माणूस दुभाष्या ठरतो.

"मावशी, येडं गिऱ्हाईक गावलंय," तो म्हणाला. "शाळामास्तर हाय. म्हातारा, काटकुळा. कुटं जायचं तर म्हणं किरिस्तावांच्या कबरस्तानात. तितं एका दगडाला मिठी मारून रडला. मंग देवळातल्या पाद्र्याकडनं जुनं बुक काढाया लावलं. आता शेडात चाललाय, हौशीरामला बगायला."

"रडला कशापायी?"

"दगडावर त्येचंच नाव हाय म्हणं."

दगडावर आपलं नाव वाचून रडणारा माणूस मी ऐकला नव्हता. पण 'हौशीराम' शब्द कानावर आला आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टांगा आमच्या दारात. मास्तर उतरला, काखेत जाडजूड वही. मागं हौशीराम. त्याच्या मागं, फाटकाबाहेरच, सरूबाई उभी राहिली. रखमाजींना निरोप गेलाच होता, ते नातवाला खांद्यावरून उतरवून धावत आले. तमाशा फुकट असला की भावजींच्या गुडघ्याला कधी दुखत नाही.

मास्तरला खुर्ची दिली. त्यानं वही मांडीवर उघडली. कादरनं सांगायला सुरुवात केली ती ऐकून मी कपाळाला हात लावला. हा माणूस वीस वर्षं जगभरच्या पाद्र्यांना पत्रं लिहीत होता. का, तर नुसहाल्दर नावाची माणसं किती उरली ते मोजायला. ज्याला पोटाला धंदा आहे, दावणीला गुरं आहेत, त्याला हे सुचेल का?

"किती भरली?" मी विचारलं.

"तीस," कादर म्हणाला.

"तीसशे?"

"तीस, मावशी. तीनावर पूज्य. साऱ्या दुनियेत."

रखमाजी खदखदून हसले. "अगं, आमच्या बारशाला तीस माणसं नुसती पत्रावळ्या उचलाया असत्यात!"

मास्तरला काय झालं ते कळलं नाही, तोही बरोबर हसला. वहीवर बोट ठेवून म्हणाला, आणि कादरनं सांगितलं, "आता बत्तीस. हौशीराम आणि त्येची आई धरून."

फाटकाबाहेर सरूबाईनं पदर तोंडाला लावला.

हौशीराम पुढं आला. "आजी," तो म्हणाला, "तुमी तीन गोष्टी मागितल्या व्हत्या. ह्येंना इचारा."

ओसरीच्या दाराआड बांगड्या वाजल्या. रतन तिथं उभी होती. महिनाभर मुकी झालेली पोर आता कान देऊन ऐकत होती, आणि मला कळलं की आज इथं काय ठरतंय. मी पदर सावरून बसले. मी सोयरिकी मोडलेल्या आहेत. समोर गोरा असला म्हणून काय झालं, कुळाला कुठंतरी भेग असतेच, ती शोधायची असते.

"मूळगाव?"

डोंगराच्या उतरणीवर वस्ती आहे, मास्तर म्हणाला. वस्तीचं नाव तेच आडनाव. उतरणीवर अक्रोडाची झाडं, म्हणून ती अक्रोडाची उतरण, आणि तिथं राहणारे नुसहाल्दर. पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदावर पहिल्यांदा नाव सापडतं. त्याच्या आधीचं पाऊल धुक्यात.

"म्हंजी ऱ्हाणारा जितला तितलंच नाव लावलं," रखमाजी म्हणाले. "आपल्यावाणीच की."

"तुमी गप ऱ्हावा, भावजी. घरं किती?"

"वस्तीत चार, पायथ्याच्या गावात दोन. एक अमेरिकेत."

पाच मागितली होती, सात निघाली. मी पुढं सरकले.

"देवक?"

कादर अडला. "मावशी, ह्ये इंग्रजीत कसं म्हणायचं? त्येंच्यात देव एकच असतुया."

"एकच? आन तो पण समद्यांचा? मंग कुणाच्या घरचा म्हणायचा?" मला बरं वाटलं. "इचार त्येला, असं एकादं झाड हाय का, जे त्येच्या कुळानं तोडायचं न्हाई?"

कादरनं हातवारे केले, कुऱ्हाड मारून दाखवली, मान हलवली. म्हातारा बघत राहिला. मग एकदम उठूनच उभा राहिला आणि भराभर बोलायला लागला.

"म्हणतोय, हाय! घरात पोर जन्मलं की त्येच्या नावानं अक्रोड लावत्यात. ते झाड माणूस मेला तरी तोडत न्हाईत. हौशीरामच्या बापाचं अजून उभं हाय म्हणं. वाऱ्यानं एक फांदी मोडली, बाकी ठणठणीत."

त्यानं खिशातून लाकडाचा शिक्का काढला. त्यावर अक्रोडाचं पान कोरलेलं. शिक्का हातोहात फिरला. रखमाजींनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि हसणं थांबवून गंभीर झाले. देवकाचा विषय निघाला की ते गंभीर होतात.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ह्ये तर देवकच झालं की."

शब्द मी दिला होता, आणि माझा शब्द परत घेतलेला कुणी पाहिलेला नाही. मग शेवटचा दगड उचलला.

"इतकी जुनी उतरण, आन माणसं तीस? वंश वाढला न्हाई त्यो कशानं? काय रोग हाय कुळाला?"

मास्तर खाली बसला. आवाज उतरला. वस्ती उंच, वाट वाईट, बाहेरच्या मुली तिथं नांदायला येत नाहीत. मग पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं. चुलतभावाला चुलतबहीण. पोरं होतात, जगत नाहीत.

भिमाजी उठून उभा राहिला. रखमाजींनी शिक्का खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"भावकीत लगीन?" मी म्हणाले. "एका देवकाचं पोर आन एका देवकाची पोरगी? शी, शी! ऊठ रं हौशीराम. सात घरं सांगितलीस, ती सात घरं न्हवंत, एकच घर हाय, आन त्येच्यात भाऊबहिनी संसार करत्यात! असल्या कुळात माजी पोर?"

सुटले असं मला वाटलं. दाराआडच्या बांगड्या गप्प. हौशीराम पांढराफटक पडला.

तेव्हा फाटक वाजलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा सरूबाई आमच्या अंगणात आली. ओसरीच्या पायरीपाशी थांबली, वर चढली नाही.

"धोंडाबाई," ती म्हणाली, वहिनी नाही, मावशी नाही, सरळ नावानं. "साहेब हितं का आला ते कदी इचारलंत का तुमी? पाण्यावरनं घागर उचलायला यायचं तुमाला, इचारायला न्हाई आलं. त्येच्या बापानं त्येचं लगीन चुलत्याच्या पोरीशी ठरवलं व्हतं. त्यो न्हाई म्हनला. बापानं घराभाईर काडला. म्हनून सात समुद्र वलांडून आला. मला म्हनायचा, सरू, तुमच्यात ह्यो नेम हाय, म्हनून तुमी माणसं शानी. ह्यो गाव त्येला शाना वाटायचा, धोंडाबाई. त्येला म्हायती न्हवतं."

कादरनं मास्तरला विचारलं. मास्तरनं वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. खरं होतं. ती मुलगी पुढं मास्तरच्याच भावाला दिली. पाच पोरं झाली, एक उरलं.

मी ओसरीवरून त्या बाईकडं बघत होते. दोनदा कुंकू गेलेली, भाकऱ्या थापून पोर वाढवलेली, आणि मान माझ्यापेक्षा ताठ. मला तिचा राग आला. राग याचा की ती खरं बोलत होती, आणि इतकी वर्षं बोलली नव्हती.

रखमाजी खाकरले. "वहिनी, न्यायाचं बोलायचं तर भावकीत लगीन नगं म्हणून ज्यानं बापाचं घर सोडलं, त्यो आपल्यापेक्षा सोवळा. आपुन नेम पाळतो, पर त्येच्यापायी कुणी घर सोडलंय?"

"तुमी आजच न्यायाचं बोलायचं ठरवलंत व्हय?" मी म्हणाले. पण साक्षीदार तेच होते, आणि साक्षीदार फिरला तर माझ्या शब्दाला कोण विचारणार? "त्या अक्क्या उतरणीवर एकच शहाणा निपजला, आन तो हितं येऊन मेला. सरूबाई, वर या. पायरीवर उभं राहून सोयरीक बोलत न्हाईत."

आत बांगड्या इतक्या जोरात वाजल्या की दोन फुटल्याच असतील.

लग्न वैशाखात धरलं. मास्तर फाल्गुनातच आपल्या मुलखाला परतला, पण देवक पाठवतो म्हणाला. मी ते धरून बसले. मुलाकडचं देवक नसताना माझ्या घरचा मांडव उभा राहणार नाही. बाजारातून शेरभर अक्रोड आणून बांधा, असं भिमाजीनं सुचवलं. त्याला म्हटलं, सुपारी आणून तिला आंबा म्हण.

हळदीच्या चार दिवस आधी लोणावळ्याच्या टपालकचेरीत पेटी आली. हौशीराम आणायला निघाला, त्याला अडवलं. देवक कुणी काखेत घालून आणतं का? देवक वाजत येतं. कुळातलं जोडपं जातं, उपरण्याला पदराची गाठ मारून, डोक्यावर कापड धरून, डहाळी तोडायला हातात कुऱ्हाड घेऊन. हौशीरामच्या कुळातलं जोडपं कुठलं? सगळी अक्रोडाच्या उतरणीवर. सरूबाई एकटी.

मी रखमाजींकडं बघितलं.

"माज्याकडं काय बगताय?" ते म्हणाले. "मी मुलीकडचा!"

"साक्षीला व्हतात न्हवं? आता भावकीला जा. एका दिसाचं नुसहाल्दर व्हा."

"लोक हसत्याल, वहिनी!"

"हसू द्या. तुमी त्या पोराला म्हशीच्या पंगतीला बसवलंत तवा लोक हसलेच की."

गेले. पुढं सनई-डफ, मधे रखमाजी आणि जाऊबाई कस्तुरा गाठ मारून, वर चार पोरांनी धरलेलं कापड, मागं अर्धं तुंगार्ली. पोस्टमास्तर खिडकीत बसला होता. समोर वाजंत्री आणि कुऱ्हाड बघून त्यानं खिडकी लावून घेतली. कादरनं दार ठोठावून समजावलं तेव्हा दार फटीएवढं उघडून पेटी बाहेर सरकवली. रखमाजींनी कचेरीच्या पायरीवर पेटीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि कुऱ्हाडीच्या पात्यानं खिळे उचकटले. आत शेवाळात गुंडाळलेली एक वाळकी डहाळी आणि सात अक्रोड. हौशीरामच्या बापाच्या झाडाचे. सात घरांचे सात, असं पत्रात लिहिलं होतं.

ती वाळकी काठी आमच्या देवकाशेजारी, पाच झाडांच्या पंचपालवीशेजारी, मेढीला बांधली. आमची पानं हिरवीगार, ती काडी भिकाऱ्याच्या बोटासारखी. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, "व्याह्यांचं देवक. लांबनं आलंय. तुमाला काय कळायचंय त्यातलं?"

पुढं लढाई लागली. सहा वर्षं पत्र नाही. गेल्या साली एक छापील पुस्तक आलं. आडनावाची सगळी माणसं, वस्तीवार. हौशीरामनं वाचून दाखवलं. मास्तर त्यात मेलेल्यांत होता. जगात नुसहाल्दर आता एकोणतीस. उतरणीवर बारा. आणि दुसऱ्या नंबरची वस्ती, म्हणे, तुंगार्ली. हौशीराम, रतन, त्यांची चार पोरं आणि सरूबाई मिळून सात.

पाचशे वर्षं झाडं लावली, आणि माणसं वाढली ती आमच्या भाकरीवर. हे त्यांनी पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

परवा शेजारच्या बंगल्यात मुंबईचे लोक उतरले होते. त्यांच्या बाईनं रतनच्या धाकट्याच्या हातावर अक्रोडाचा गर ठेवला. पोरगं तोंडात टाकणार तोच मी कुंपणावरून ओरडले. बाई दचकली.

"अहो, खाऊच आहे, आजी. विष नाही."

"त्येचं देवक हाय ते," मी म्हणाले, आणि पोराच्या हातातून काढून घेऊन तिला परत दिलं. "तुमी खावा. तुमाला काय, कसलंबी चालत असंल."